तळं नव्हे, गवत

बेळ्ळंदूरचं तळं कधीच पेटलेलं नाही. पेटलं ते तळ्यातलं गवत. एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी कृपा करून अफवा पसरवू नयेत.

खुलासा असावा तर असा. बंगळुरूतलं सगळ्यात मोठं तळं, जवळपास ९०० एकरांचं. १६ फेब्रुवारी २०१७ ला त्यातून धुराचे लोट उठले. आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या कचेऱ्यांतली पोरं खिडकीला मोबाइल लावून उभी राहिली, देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी ‘पेटतं तळं’ म्हणून फोटो छापले, आणि इकडून शांतपणे सांगण्यात आलं की तळ्याला काही झालेलं नाही, गवत जळलं. धोतर पेटलं, पंत सुखरूप. पुढच्या वर्षी, १९ जानेवारी २०१८ ला, तेच तळं (क्षमस्व, तेच गवत) पुन्हा पेटलं. बंब आले, पण काठावरच थांबले. आतल्या दलदलीत गाडी घालायची कशी? शेवटी शेजारच्या छावणीतले सुमारे ५००० जवान आग विझवायला उतरले. पाच हजार माणसं तळ्यात उतरवायची ठरली, तेव्हा त्यांना पोहता येतं का हे मात्र कोणी विचारलं नसावं. गरज काय होती? पाणी होतंच कुठे?

आता एखादा खवचट माणूस विचारेल की तळ्याच्या मधोमध जवानांना पायी जाता येईल एवढं गवत उगवलं कसं. त्यालाही उत्तर आहे. गवत गाळावर उगवलं. गाळ सांडपाण्याचा. शहराच्या सांडपाण्यातला फार मोठा हिस्सा वर्षानुवर्षं न शुद्ध करता याच तळ्यात सोडला गेला. तो गाळ कुजला की त्यातून मिथेन निघतो, वर जलपर्णी माजते, उन्हात वाळते, काठावर कोणी तरी कचरा पेटवतो. म्हणजे चुलीत जळण कोणी रचलं ते विचारायचं नाही, काडी कोणी ओढली तेवढं शोधायचं. काडीवाला सापडत नाही. जळण रचणारे आपण सगळे, कपडे धुऊन पांढरेशुभ्र.

तरी एक गोष्ट या खुलाशात बसत नाही, आणि तिचा मला फार त्रास होतो. मे २०१५ मध्ये यमलूरपाशी पेटला तो फेस. गवत नव्हे, फेस! साबणाच्या भुकट्यांतली रसायनं गाळात साठतात, पाऊस पडला की ढवळतात, सांडव्यावरून पाणी कोसळलं की त्यांचा फेस होतो आणि वाऱ्याबरोबर पुलावर येतो. स्कूटरवाला हेल्मेटवर मूठभर, मांडीवर पसाभर फेस घेऊन ऑफिसात पोचतो. दाढी अर्धी टाकून उठून आल्यासारखा. त्यावर उपाय म्हणून पुलाच्या कडेने जाळी लावण्यात आली. फेसाला जाळी! मासे अडत असतील जाळीत, फेसाचं मला ठाऊक नाही. असो. मुद्दा असा की तेलाची आग विझवायला जगभरचे बंबवाले फेस मारतात, आणि आमच्या शहराने विझवायचा फेसच पेटवून दाखवला. आग लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे खणलेली, भरलेली, नावारूपाला आलेली विहीरच पेटते. आता बंबवाल्याने फोन घ्यायचा कसा?

‘आग कुठे लागली?’

‘तळ्याला.’

‘तळ्याजवळ कुठल्या इमारतीला?’

‘इमारतीला नाही हो, तळ्याला.’

‘बरं, जवळपास पाणी भरायची सोय आहे का?’

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा. शिवाय बंब निघाला तरी सिल्क बोर्डचा चौक ओलांडून तो पोचणार कधी? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं आपण म्हणायचो, पण त्या दोन गावांमध्ये निदान रस्ता तरी मोकळा असावा.

इथवर हसण्यावारी नेता येतं, कारण गवताला बायकापोरं नसतात. पण ‘हे नाही, ते जळलं’ ही युक्ती एकदा अंगवळणी पडली की ती तळ्यापुरती राहत नाही. २३ फेब्रुवारी २०१० ला जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एका सातमजली इमारतीत आग लागली. ज्वाळा म्हणाल तर फार नव्हत्या. विजेच्या तारांच्या डक्टमधून धूर वर चढला आणि माणसं कोंडली. जिन्याची दारं बंद. काहींनी खिडक्या फोडून उड्या मारल्या. ९ जण गेले. भर दिवसा, भर शहरात, कामाच्या वेळी. यांनाही आगीने मारलं नाही म्हणायचं का? धुराने मारलं, उंचीने मारलं, आग सुखरूप! नाही हो. त्यांना बंद दाराने मारलं. दार आपोआप बंद होत नाही, कोणी तरी सोयीसाठी बंद करतं. चोर येतात, कामगार तिथे बिड्या ओढतात, कुत्री वर चढतात. या कारणांची यादी प्रत्येक इमारतीत तोंडपाठ असते, आणि ती ऐकली की माझं डोकं फिरतं. ‘लेक व्ह्यू’साठी जादा पैसे मोजणारी माणसं जिना बघायला म्हणून एकदाही जात नाहीत. जिन्यात काय असतं? चपलांचं कपाट, लेकरांची सायकल, मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर, कोणाच्या तरी लेकीच्या लग्नातून उरलेल्या खुर्च्या. मीटरच्या खोलीत रद्दी. मजल्यावर लाल नळकांडं टांगलेलं, त्यावरची तारीख उलटून गेलेली. सोसायटीच्या सभेत विषय काढावा तर चिटणीस दुखावून म्हणतात, ‘कुलूप कुठे आहे? नुसती साखळी आहे!’ तळं नव्हे, गवत. कुलूप नव्हे, साखळी. आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते: पार्किंग.

पुण्या-ठाण्याच्या वाचकांनी इथे फार खूश होऊ नये. तुमच्याकडे तळी पेटत नसतील, पण जिने आमच्यासारखेच आहेत.

तेव्हा आज लिफ्टने खाली न जाता जिन्याने जा. साखळी दिसली तर चावी कोणाकडे असते ते विचारा. ‘वॉचमनकडे’ असं उत्तर आलं, तर त्याची ड्यूटी किती वाजता संपते तेही विचारून घ्या.