द्वैत, अद्वैत आणि चालू खातं

एकल मालकीच्या धंद्याला आपल्या कायद्यात वेगळा जीव नाही. कंपनीचं तसं नसतं. ती जन्माला आली की तिला स्वतःचं पॅन मिळतं, ती स्वतःच्या नावावर जमीन घेते, कोर्टात भांडते, बुडालीच तर एकटी बुडते. प्रोप्रायटरशिपमध्ये मालकाचं पॅन तेच फर्मचं पॅन, मालकाची मिळकत तीच फर्मची मिळकत. "थोडक्यात काय वहिनी, तुम्ही आणि तुमची फर्म एकच," असं आमचे सीए म्हणाले. शंकराचार्यांना जे पटवून द्यायला देशभर चालावं लागलं, ते यांनी कॅल्क्युलेटरवरचं बोट न उचलता सांगून टाकलं.

माझा धंदा दारावरच्या पाट्यांचा. देवनागरी अक्षरं हातानं रेखायची आणि सागवानी फळीवर रंगवायची. बरीच वर्षं ही हौस होती, आणि हौसेला कोणी बिल मागत नाही. मग एका सोसायटीनं सगळ्या फ्लॅटच्या पाट्या एकदम सांगितल्या आणि त्यांच्या खजिनदारांनी फर्मच्या नावाचं बिल मागितलं. म्हणून फर्म. नाव शोधायला घरात समिती बसली. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, कुलदैवत हवं होतं. नवऱ्याला शेवटी 'क्रिएशन्स' असलेलं काहीही चालणार होतं. एकल मालकीच्या नावांची वेगळी सरकारी नोंदवही नसते, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर पाय पडला नाही म्हणजे झालं. मी 'वेलांटी' ठेवलं आणि समिती बरखास्त केली.

पहिला मुक्काम उद्यम नोंदणी. 1 जुलै 2020 पासून ही ऑनलाइन होते, फुकट होते आणि एकही कागद जोडावा लागत नाही. सरकारी काम इतकं सरळ असेल यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि त्या अविश्वासावर पैसे घेऊन हाच अर्ज भरून देणाऱ्यांची दुकानं चालतात. अर्जात यंत्रसामग्रीतली गुंतवणूक विचारतात. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून अडीच कोटी रुपये आहे. मी ब्रश मोजले, करवत धरली, जुना टेबललॅम्पही धरला, थोडक्यात बचावले. प्रदूषण नियंत्रणाच्या साधनांचा खर्च या आकड्यात धरत नाहीत, त्यामुळे टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून लावलेला पंखा सुटला.

खरी मजा पुढे होती. आपण नक्की काय करतो हे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातून निवडायचं. पाटीकडे लाकूड म्हणून पाहिलं तर विभाग 16, डिझाइन म्हणून पाहिलं तर 74, कला म्हणून पाहिलं तर 90. मी 90 उघडला. 90 म्हणजे सर्जनशील कला, शेजारी 91 मध्ये ग्रंथालयं आणि संग्रहालयं, आणि त्याच्या पलीकडच्या घरात, 92 मध्ये, जुगार आणि सट्टा. तिघांची आळी एकच. अण्णांना वाचून दाखवलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "यादी करणारा माणूस अनुभवी दिसतो."

मग शॉप अॅक्ट. मुंबईकर याच कागदाला गुमास्ता म्हणतात. 2017 च्या कायद्यानं मोजकीच माणसं असलेल्या आस्थापनेला परवान्याची गरज ठेवलेली नाही. नुसतं शासनाला कळवायचं आणि पोच घ्यायची. मात्र कळवताना मराठी पाटीसह जागेचा फोटो जोडावा लागतो. 2022 च्या दुरुस्तीनं लहान आस्थापनांनाही देवनागरी पाटी सक्तीची केली. (त्याच दुरुस्तीत दारूच्या दुकानाला थोर पुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव द्यायलाही मनाई आहे. कायदा करणाऱ्यांनी रस्त्यानं जाताना वर बघितलं होतं, याचा हा पुरावा.)

आता अख्ख्या गावाच्या दारांवर माझी अक्षरं, पण आमच्या दारावर अण्णांची पितळी पाटी, निवृत्त मुख्याध्यापक या बिरुदासकट. ती ब्रासोनं घासून लखलखीत ठेवलेली असते. "फोटोपुरती काढू का?" मी विचारलं. "मी गेल्यावर काढा," अण्णा म्हणाले. त्यामुळे वेलांटीची पाटी स्वयंपाकघराला लागून असलेल्या माझ्या टेबलामागे टांगली. पहिल्या फोटोत पाटीखाली लोणच्याच्या बरण्या आल्या. बरण्या हलवल्या तर कालनिर्णय आलं. कालनिर्णय काढलं तर भिंतीवरचा ओलीचा डाग आला, म्हणून कालनिर्णय परत लावलं. शासनदरबारी माझं आस्थापन आजही संकष्टीच्या चंद्रोदयासह नोंदलेलं आहे.

आणि मग बँक. चालू खातं उघडायला फर्मच्या नावाचे दोन पुरावे लागतात. ते माझ्याकडे होते. पण कायदा अद्वैती असला तरी बँक पक्की द्वैती निघाली. काउंटरवरच्या बाईंनी फर्मच्या लेटरहेडवर पत्र मागितलं. फर्मच्या मालकीणबाई, म्हणजे मी, सदर खातं चालवण्याचे अधिकार श्रीमती अमुकतमुक यांना, म्हणजे मला, देत असल्याचं. "दोन्ही मीच आहे हो," मी म्हटलं. "हो ना," त्या प्रेमानं म्हणाल्या, "म्हणून दोन्हीकडे सही करा." सहीखाली शिक्का हवा, म्हणून शिक्का करून आणला. तो हातात आल्यावर मात्र अंगात काहीतरी संचारतं हे कबूल केलं पाहिजे. त्या दिवशी मी वाण्याच्या यादीवरही शिक्का मारला.

जागेची पडताळणी करायला बँकेचा एक मुलगा आला. दार अण्णांनी उघडलं.

"वेलांटी इथंच का, काका?"

"पहिली की दुसरी?"

मुलानं कागद पाहिला. त्यात इतका तपशील नव्हता. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत अण्णांनी त्याला बसवून ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सुरू केले होते, आणि इथे आम्ही राहतो, धंदाबिंदा काही नाही, असंही स्वच्छ सांगून टाकलं होतं. मुलानं बिचाऱ्यानं पाटी पाहिली, कालनिर्णय पाहिलं, चहा घेतला आणि 'व्यवसाय सुरू असल्याचे आढळले' असं लिहिलं. खातं उघडलं.

जीएसटी नंबर अजून घेतलेला नाही. सेवेसाठी 20 लाखांची आणि वस्तूंसाठी 40 लाखांची उलाढाल या दोन्ही गोष्टी मला सारख्याच दूर आहेत. पण तो नंबर दिसतो सुंदर. आधी महाराष्ट्राचे 27, मग मधे आपलं पॅन जसंच्या तसं, आणि शेवटी तीन शेपटं. जीव तोच, उपाधी वेगळी: हे विशिष्टाद्वैत. व्यवसाय कराबद्दल बोलण्यासारखं काही नाही. वर्षाला 2,500 रुपये भरायचे, विषय संपला. नवऱ्याच्या पगारातून हेच पैसे महिना 200 प्रमाणे कापतात आणि फेब्रुवारीत 300. सगळ्यात तोकड्या महिन्यावर सगळ्यात जास्त भार टाकण्याची ही कल्पना कोणा मोठ्या घरच्या सासूची असावी.

सीएंच्या अद्वैताची दुसरी बाजू मला नंतर उमगली. फर्मला कर्ज झालं तर ते माझंच; वेलांटी बुडाली तर वसुली माझ्या घरच्या फ्रिजपर्यंत येऊ शकते. फायद्याच्या दिवसात दोन ठिकाणी सह्या मागणारे सगळे लोक तोट्याच्या दिवशी कडवे अद्वैती होतात. हे कळल्यापासून मी फुकट पाट्या देणं बंद केलं.

त्याची पहिली झळ नवऱ्याच्या आत्याला बसली. नव्या फ्लॅटसाठी पाटी हवी होती, आणि घरच्या सुनेकडून म्हणून ती आहेरासारखीच मिळेल असा त्यांचा हिशेब होता. त्यांना वेलांटीकडून बिल गेलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या वर लांबवता येत नाहीत. 2006 च्या कायद्यात तसं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सीएंनी ही ओळ प्रत्येक बिलाखाली छापायला सांगितलीय. छापलेली होती. वर शिक्का होता.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या वेलांटीवाल्यांना माणुसकी आहे की नाही? चक्रवाढ व्याज काय लावतात! तू सांग ना त्यांना जरा, घरचंच माणूस आहे म्हणून."

"सांगून बघते आत्या," मी म्हटलं, "पण ऐकतील असं वाटत नाही. फार कडक आहेत."