पाहा : धाराशिव

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांची तालिका करणाऱ्याला प्रबंध वाचावा लागत नाही, ही त्या नोकरीतली मोठीच सवलत. काळा बांधीव पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, ‘एक चिकित्सक अभ्यास’, ऋणनिर्देशात अख्खं गाव, नोंद झाली. अडतं ते विषयशीर्षकापाशी.

मराठवाडा विद्यापीठाला १९८० साली सादर झालेला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळावरचा एखादा प्रबंध समजा हाती आला. १९८२मध्ये लातूर वेगळा झाला. म्हणजे त्यातली कित्येक गावं आता शेजारच्या जिल्ह्यात. १९९४मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला. २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि विद्यापीठाचं औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर. शीर्षक छापलंय तसंच उतरवायचं, हा नियम. मग जुन्या नावाकडून नव्याकडे ‘पाहा’ अशी नोंद करायची. सगळ्या प्रबंधात नाव न बदललेला एकटा दुष्काळच.

या ‘पाहा’ नोंदी करणार कोण? नामांतराच्या अधिसूचनेत पाट्या बदलायचं असतं, तालिकापत्रांचं कुणाच्या ध्यानात येतं! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराची ‘शोधगंगा’ वाहू लागली. पण शोधयंत्राला इतिहास कळत नाही. टंकलं तेवढंच ते शोधतं.

परंड्याचा एखादा विद्यार्थी ‘धाराशिव, दुष्काळ’ असं टंकतो, जुना प्रबंध काही वर येत नाही. मार्गदर्शक खूश. विषय मंजूर होतो, आणि पहिल्याच प्रकरणात निर्धास्तपणे लिहिता येतं : प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेलं आढळत नाही.