तारीख फितूर, वार इमानी

इतिहासाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विश्वासाचं पुस्तक म्हणजे दिनविशेष. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे तो छापलेला असतो. त्याला प्रस्तावना नसते, तळटीप नसते आणि त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नाही. अमुक तारखेला अमुक लढाई, तमुक तारखेला तमुक जन्म. वाचणारा मान डोलावतो आणि चहाचा कप उचलतो. सुरतेजवळच्या इच्छापोरसारख्या ठिकाणी या विश्वासाची जरा कसोटी लागते. कारखान्यांपायी, हिऱ्यांपायी किंवा हजिऱ्याच्या बंदरापायी इथे येऊन राहिलेल्या मराठी घराच्या भिंतीवर मराठी दिनदर्शिका असते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती ठणकावून सांगते की शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. ज्या गावाच्या वेशीवर आपण भाड्याने राहतो, त्याच गावाबद्दल हे असं भिंतीवर टांगून ठेवायचं म्हणजे घरमालकाच्या दिलदारपणावर बराच भार टाकणं झालं. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. स्वारी झाली, हे सुरतकरही नाकारत नाहीत. माझी तक्रार तारखेबद्दल आहे. तारीख घटनेची नसते, वही लिहिणाऱ्याची असते, हे माझं म्हणणं. आणि ते सिद्ध करायला सुरतेइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

१६६४ च्या जानेवारीतली सुरत डोळ्यांपुढे आणा. मंगळवारी सकाळी बातमी थडकली की मराठ्यांची फौज गणदेवीपर्यंत आली आहे. सुभेदार इनायतखानाने शहराच्या रक्षणाचा विचार करून स्वतः किल्ल्यात जाऊन बसण्याचा निर्णय घेतला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र आपली सुमारे दोनशे माणसं जमवली आणि ढोल-कर्णे वाजवत शहरातून फिरवली. शत्रूपेक्षा शेजाऱ्यांनाच दिलासा देणारा तो प्रकार होता. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास महाराज आले आणि बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत त्यांचा तळ पडला. विरजी व्होरासारख्या धनाढ्य व्यापाऱ्याची हवेली खणून काढली गेली. रविवारी सकाळी मराठे आले तसे निघून गेले. आता याच बुधवारची नोंद दोन वखारींत होते. इंग्रज कारकून टाक बुडवून लिहितो, ६ जानेवारी. त्याच शहरातल्या डचांच्या वखारीत, त्याच धुराने डोळे चुरचुरत असलेला डच कारकून लिहितो, १६ जानेवारी. दोघेही शुद्धीवर, दोघेही प्रामाणिक, दोघांच्याही पगारातून चुकीबद्दल पैसे कापले गेले नसणार.

भानगड अशी की पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग दुरुस्त करून दहा दिवस गाळले. पोर्तुगीज, स्पॅनिश यांनी ते लगेच मानलं आणि हॉलंडनेही वर्षभरात मान्य केलं. इंग्रजांना मात्र पोपच्या सांगण्यावरून सूर्य नीट उगवलेलाही चालण्यासारखा नव्हता. ते जुन्या ज्युलियन पंचांगालाच चिकटून राहिले. शिवाय त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ही स्वारी १६६३ सालीच झाली. दिनविशेषवाल्यांनी वर्ष आपल्या सोयीने पुढे ढकलून १६६४ केलं, पण तारीख मात्र इंग्रजांचीच ठेवली. अर्धं सोवळं नेसून अर्ध्या चड्डीत पूजेला बसण्यातलाच हा प्रकार.

हे एकदाच घडलं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. इच्छापोरवरून पुढे गेलं की सुवाळीचा किनारा लागतो. १६१२ मध्ये याच समुद्रात कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली आणि इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या व्यापाराला पाय ठेवायला जागा मिळाली. इंग्रजी पुस्तकांत ही लढाई २९ नोव्हेंबरला सुरू होते. समोरून तोफ डागणाऱ्या पोर्तुगीजाच्या हिशेबात तेव्हा ९ डिसेंबर उजाडलेला होता. इंग्रजांचा गोळा नोव्हेंबरात सुटत होता आणि डिसेंबरात आदळत होता. एवढ्या लांब पल्ल्याची तोफ त्यानंतर कुणी बनवली नाही. उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. १६१६ साली त्या तारखेला शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघेही गेले, असं कौतुकाने सांगतात. पण इंग्लंडचा २३ एप्रिल स्पेनच्या २३ एप्रिलनंतर दहा दिवसांनी उजाडत असे. म्हणजे तिथे तारीख एक आणि दिवस दोन, सुरतेत दिवस एक आणि तारखा दोन. तारखेच्या भरवशावर जगातले मोठमोठे योगायोग उभे आहेत, हे कळलं की योगायोगांवरचा विश्वास थोडा उडतो आणि प्रकृतीला ते बरं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. साडेतीनशे वर्षांनंतर दहा दिवसांचं काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे, फक्त तो घेणाऱ्याने शिवजयंतीच्या वेळीही तो लक्षात ठेवावा. दहा दिवस किरकोळ असतील तर महाराजांच्या जन्मदिवसावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी अबोला का धरला? आधी वैशाख शुद्ध द्वितीया मानली जात होती. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली ही जुनी नोंदवही प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली आणि जयंती दोन झाल्या, एक तारखेची, एक तिथीची. आता गंमत बघा. संगणकातल्या कॅलेंडरला मागे नेत नेत १९ फेब्रुवारी १६३० पर्यंत गेलं की तिथे मंगळवार दिसतो. शकावली मात्र शुक्रवार सांगते. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो आणि १ मार्चला शुक्रवारच होता. तारीख बदलली, महिना बदलला, पण शुक्रवार जागचा हलला नाही. राज्याभिषेकाचंही तेच. ६ जून १६७४ ही जुनी तारीख, आजच्या हिशेबाने १६ जून, आणि दोन्हीकडे शनिवार. पोपने दहा दिवस गाळले तेव्हा वारांच्या रांगेला मात्र हात लावला नव्हता. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर असा धरला गेला. गोऱ्यांच्या, मोगलांच्या आणि मराठ्यांच्या वह्यांत ज्याच्यावर एकमत आहे, अशी गोष्ट एकच, ती म्हणजे वार.

दुसरा आक्षेप टापटिपीच्या माणसांचा असतो. सगळ्या जुन्या तारखा एकदाच्या नव्या कॅलेंडरवर आणा आणि मोकळे व्हा. तसं केलेले लोक आहेत. रशियातली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला साजरी होत आली, म्हणजे क्रांती नोव्हेंबरात आणि नाव ऑक्टोबरात. न्यूटन २५ डिसेंबरला जन्मला, असं इंग्लंडने ठरवलं होतं. नव्या हिशेबाने तो ४ जानेवारीला जन्मतो आणि नाताळाचा मुहूर्तही हुकतो, वर्षही १६४२ चं १६४३ होतं. ज्याला गुरुत्वाकर्षण सापडलं त्यालाही आपली जन्मतारीख जागेवर धरून ठेवता आली नाही. आपल्याकडे ही दुरुस्ती लागू करायची म्हटली तर शिवजयंती १ मार्चला आणि राज्याभिषेक दिन १६ जूनला हलवावा लागेल. तसा ठराव मांडणाऱ्याच्या धैर्याला माझा मुजरा, पण मी त्याच्या शेजारी उभा राहणार नाही. दोन जयंत्यांची सवय आपल्याला झाली आहे; तिसरी आली तर ढोलताशा पथकांचं वेळापत्रक कोलमडेल. शिवाय इतिहासकारांचीही अडचण आहे. जुनी पत्रं जुन्याच तारखांची असतात. छापील तारीख बदलली की पत्र आणि पुस्तक एकमेकांना ओळखणार नाहीत.

मग तिथी घ्या, असं तिसरा पक्ष म्हणतो, आणि तो जरा छाती काढून म्हणतो, कारण तिथी आपली. पण कुणाच्या पंचांगाची? महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष काशीला चैत्र कृष्ण पक्ष होतो. ज्या काशीच्या गागाभट्टांनी राज्याभिषेक केला, त्या गावात महाराजांची जन्मतिथी चैत्रात पडते. इच्छापोरच्या मराठी माणसाचं त्या बाबतीत नशीब चांगलं. शेजारच्या गुजराती घराशी त्याचा महिना जुळतो, पक्ष जुळतो, तिथी जुळते. जुळत नाही ते फक्त वर्ष. इकडे शक पाडव्याला बदलतो, तिकडे संवत दिवाळीनंतर बेसतु वर्षाला बदलतं. दोन्ही घरांची मुलं १ जानेवारीला फटाके उडवतात आणि दोन्ही घरांचे कर्ते १ एप्रिलला हिशेबाच्या वह्या बदलतात. दोन घरांत मिळून वर्षातून चार वेळा नवं वर्ष सुरू होत असेल, तर तारखांची शिस्त कुणी कुणाला शिकवायची?

आता राहिला सगळ्यात जोरकस आक्षेप. हा गोंधळ फक्त जुन्या काळचा आहे; इंग्रजांनी १७५२ मध्ये, तोवर अकरा झालेले दिवस टाकून, सगळ्यांशी बरोबरी केली आणि तिथून पुढच्या तारखा पक्क्या आहेत. मान्य. पण पक्की तारीख हाती आली की दुसरंच काहीतरी निसटतं. २७ डिसेंबर १९०७, सुरत, काँग्रेसचं अधिवेशन. रासबिहारी घोष अध्यक्ष होणार आणि टिळक बोलायला व्यासपीठावर उभे, त्या गदारोळात एक जोडा हवेतून आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला, मग फिरोजशहा मेहतांना लागला आणि मग काँग्रेस फुटली. तिथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने जोड्याचं बारकाईने वर्णन करून ठेवलं आहे. मराठी बनावटीचा, तांबड्या कातड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला. तारीख नक्की, जागा नक्की, जोडा इतका नक्की की चांभाराला नमुना देता यावा. फक्त तो कुणी फेकला, ते आजही नक्की नाही. १६६४ मध्ये माणूस पक्का आणि तारीख डळमळीत, १९०७ मध्ये तारीख पक्की आणि माणूस बेपत्ता. सुरतेला मराठी माणूस आला की काहीतरी हरवतंच. आणि १ मे १९६०? एकच तारीख, कॅलेंडरबद्दल तक्रार नाही, तरी इच्छापोरच्या मराठी माणसाने त्या दिवशी महाराष्ट्र दिन साजरा करावा, गुजरात स्थापना दिन करावा की कामगार दिन म्हणून नुसतं झोपावं, हे तारीख सांगत नाही. दोन राज्यं रविवारी जन्मली, म्हणजे पहिल्या वर्षी वेगळी सुट्टीही कुणाला मिळाली नाही, ही महत्त्वाची माहितीसुद्धा आपल्याला वारच देतो.

वारावर आंधळा विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, आपला सूर्योदयाला आणि मुसलमानांचा सूर्यास्ताला. बुधवारी रात्री काही घडलं तर मोगलांच्या अखबारनवीसाने ते गुरुवारच्या खात्यात घातलं असतं. पण महाराज सकाळी अकराला आले आणि रविवारी सकाळीच गेले. तिन्ही पंचांगांना पटेल अशी वेळ त्यांनी निवडली, हे त्यांच्या दूरदृष्टीच्या यादीत घालायला हवं. म्हणून दिनविशेष छापणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. तो बंद करू नका. भूतकाळाला रोज सकाळी घरात घेण्याचं ते एक निमित्त आहे आणि निमित्त खोटं असलं तरी पाहुणा खरा असतो. फक्त प्रत्येक नोंदीपुढे ती कुणाच्या वहीतली, ते लिहा, आणि शेजारी वार छापा, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला ताळा करून बघता येईल. आणि एवढ्या सगळ्याला कोपऱ्यात जागा पुरत नसेल, तर तारीख काढून टाकली तरी चालेल.