सेटिंग कशी लावावी : होतकरू वेब डेव्हलपरसाठी पाच पायऱ्या

समजा, जालन्यातल्या एका सळई-सिमेंटच्या दुकानाची वेबसाइट करायचं काम तुम्हाला मिळालं. गावातच रोलिंग मिल, त्यामुळे सळईला तोटा नाही. मालकांना अंबडपासून जाफराबादपर्यंत आठही तालुक्यांतून ऑर्डर हव्यात. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा, महिन्याभरात मोंढ्यात तुमचं नाव होईल.

पायरी 1 : सगळं कोडमध्येच कोंबा. डेटाबेसचा पासवर्ड, जीएसटीचे दर, कार्यालयांची नावं, सगळं. दर काय रोज बदलतात? 2017 साली सिमेंटवर 28 टक्के होते, ते 22 सप्टेंबर 2025ला 18 झाले. सळई होती तिथेच, 18वर. आता सगळ्या फाइलींत 28 शोधून 18 करून टाका. फेब्रुवारी 18 दिवसांचा झाला तर महिनाअखेर लवकर येईल, उधारी लवकर मागता येईल. 2023मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तो बदल मात्र बत्तीस ठिकाणी हातानेच करा. तेहतिसावं ठिकाण गिऱ्हाईक दाखवेलच.

पायरी 2 : एवढं झाल्यावर कोणीतरी सांगेल की सेटिंग वेगळ्या फाइलीत ठेवतात. डॉटनेटमध्ये ॲपसेटिंग्ज डॉट जेसन, नोड किंवा लाराव्हेलमध्ये डॉट ईएनव्ही. ऐका त्याचं. फाइल करा, पासवर्ड तिच्यात हलवा आणि फाइल लगेच गिटवर चढवा. कोणी ओरडलंच तर पुढच्या कमिटमध्ये ओळ खोडा. ती जुन्या कमिटमध्ये कोणालाही वाचता येते, हे ओरडणाऱ्याला सांगू नका. नाहीतर तो पासवर्डच बदलायला लावेल, आणि खरा उपाय तेवढाच आहे.

पायरी 3 : सेटिंग वाचताना तिचं नाव आठवेल तसं लिहा. फाइलीत ‘टॅक्स’ गटाखाली ‘सिमेंट’ असेल आणि तुम्ही ‘सीमेंट’ मागितलंत, तर डॉटनेट भांडत नाही. मजकूर मागितला तर काहीच देत नाही, आकडा मागितला तर गुपचूप शून्य देतं. शून्य टक्के जीएसटीची बिलं निघतील, गिऱ्हाईक खूश होईल. ॲप सुरू होतानाच सेटिंग तपासून, नसेल तर तिथेच थांबवणारी सोय आहे. पण मग दिवसभर चालणाऱ्या गोंधळाची मजा जाते.

पायरी 4 : एकच सेटिंग चार ठिकाणी लिहा. डॉटनेट आधी मूळ फाइल वाचतं, मग ॲप ज्या वातावरणात (डेव्हलपमेंट की प्रॉडक्शन) चालतंय त्याची फाइल, मग सर्व्हरचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, शेवटी कमांड लाइन. नंतर वाचलेलं आधीच्यावर जातं. आडतीत मुनीम फळ्यावर भाव लिहितो, शेठ तो पुसून आपला लिहितो आणि शेठजींना आतून फोन आला की तोही भाव राहत नाही, तसंच. म्हणून तुम्ही फाइल बदलत राहा आणि काहीच का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसा. सर्व्हरवर कोणी व्हेरिएबल लावून ठेवलाय, ते शेवटी बघा. तो बदललात तरी ॲप रीस्टार्ट करू नका, म्हणजे आणखी एक दिवस जाईल.

पायरी 5 : व्हेरिएबलमधून येणारं सगळं मजकूरच असतं, याकडे दुर्लक्ष करा. नोडमध्ये पेमेंटच्या ‘टेस्ट मोड’पुढे ‘फॉल्स’ लिहा आणि थेट तपासा. रिकामा नसलेला कुठलाही मजकूर नोडला खराच वाटतो, त्यामुळे टेस्ट मोड चालूच राहील. ऑर्डरी येतील, पैसे येणार नाहीत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असू द्या. पहाटे 5ची परतूरची ऑर्डर आदल्या रात्री साडेअकराची दिसेल आणि कालच्या हिशेबात जाईल. डेटाबेसची अक्षरपद्धती लॅटिन ठेवा, म्हणजे घनसावंगीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापली जातील.

एवढे उपद्व्याप नकोत, असं वाटणाऱ्यांसाठी : जे उद्या बदलू शकतं ते कोडबाहेर ठेवा, पासवर्ड गिटबाहेर ठेवा, आणि प्रत्येक सेटिंग शेवटी कुठून आली हे सुरुवातीलाच छापून बघा, पासवर्ड तेवढे झाकून. सगळं मिळून एका दुपारचं काम आहे. मालकांना बिल देण्याआधी करून टाका.