चूक तुमची, बिल आमचं

देहूत समुद्र नाही. इंद्रायणी आहे, आणि तिच्यातही अधूनमधून पाण्यापेक्षा फेस जास्त दिसतो. मग इथल्या माणसानं बंदरातल्या पायलटच्या पगाराची उठाठेव का करावी?

कारण आपल्या दारावरून रात्रंदिवस धडधडत जाणारे कंटेनर हवेत विरत नाहीत. चाकणचा माल न्हावा-शेव्याला जातो, चाकणच्या मोटारी मुंबई बंदरात बोटीत चढतात. बंदरापर्यंतच्या शंभरेक किलोमीटरला स्टिअरिंग ज्याच्या हाती, त्याचं लायसन्स कसं निघालं हे आपण विचारत नाही.

विचारू नयेच. झोप उडते.

पाण्यात मात्र सगळं उलटं. कॅप्टन वीस वर्षं समुद्र कोळून प्यालेला असो, बंदराच्या तोंडाशी त्यानं थांबायचं. दोरीच्या शिडीवरून स्थानिक पायलट वर येणार, मगच जहाज आत. 1908 च्या भारतीय बंदर कायद्याचं 31 वं कलम तेच सांगत होतं: ज्या बंदरांना ते लागू, तिथं 200 टन किंवा जास्तीचं जहाज पायलट किंवा बंदराचा तसा अधिकारी वर असल्याशिवाय आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, जागचं हलणारही नाही.

यात गैर काही नाही. गाळ कुठे साचलाय, ओहोटी कशी ओढते, कोळ्यांची जाळी कुठे लागलीत, हे पनामाहून आलेल्याला काय कळणार? शंका असेल त्यांनी 7 ऑगस्ट 2010 आठवावा. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ एकमेकींवर आदळल्या. तेल किनाऱ्याला लागलं, कंटेनर पाण्यावर तरंगत सुटले आणि मुंबईसह न्हावा-शेवाही काही दिवस ठप्प झालं. दोन बंदरांना वाट एकच. ती अडली की चाकण अडलं.

तर पायलट हवाच. गंमत पुढे आहे.

त्याच कलमाची शेपटी अशी होती की, पायलट सक्तीचा असला तरी जहाजामुळे नुकसान झालं, तर जबाबदार मालक आणि कॅप्टन. जणू सक्ती नव्हतीच.

म्हणजे माणूस आमचा, सक्ती आमची, बिल आमचं. चूक तुमची.

मंगल कार्यालयवाला म्हणतो ना, आचारी आमचाच घ्यावा लागेल; पण पंगतीला बाधा झाली तर वधूपित्यानं बघावं. तसंच हे.

कायद्याचे पंडित म्हणतील, अहो, पायलट केवळ सल्लागार! हुकूम कॅप्टनचाच! कागदावर अगदी खरं. प्रत्यक्षात पायलट ‘डेड स्लो’ म्हणतो आणि इंजिन मंदावतं. परक्या बंदरात, अंधारात, भर पावसात या सल्ल्याला ‘नको’ म्हणायची छाती किती कॅप्टनांची असेल? आणि म्हटलं, वर काही घडलं, तर? मग तर बघायलाच नको.

2025 मध्ये, 117 वर्षांनी, नवा भारतीय बंदरे कायदा आला. पायलट चढला म्हणून कॅप्टनची जबाबदारी उतरत नाही, हे तत्त्व मात्र जवळपास जगभर जिथल्या तिथे आहे.

आता पैशाकडे वळू. पायलटेज आकारतात जहाजाच्या ग्रॉस टनेजवर (जीटी), म्हणजे वजनावर नव्हे, बंदिस्त घनफळावर. मोटारी नेणारं जहाज म्हणजे तरंगतं बहुमजली पार्किंग. आत गाड्या कमी, हवा जास्त. बिल हवेचंही येतं. परदेशी फेरीच्या जहाजाला मोठ्या बंदरांचे दर डॉलरमध्ये, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्याला सवलत. पूर्वी हे दर ठरवायला वेगळं प्राधिकरण होतं. 2021 च्या कायद्यानं ते गेलं आणि कात्री बंदराच्या मंडळाच्याच हाती आली. पायलट देणारे तेच, त्याला परवाना देणारे तेच, दर लावणारे तेच, वसूल करणारेही तेच.

एवढ्या डॉलरांतून पायलटला काय मिळतं?

आधी त्याला काय लागतं ते पाहा. परदेशी फेरीच्या मास्टरचं, म्हणजे कॅप्टनचंच प्रमाणपत्र. त्यासाठी जवानीची वर्षं समुद्रात. मग बंदरात ज्येष्ठ पायलटच्या हाताखाली उमेदवारी, दिवसा आणि रात्री. मग परीक्षा. मग परवाना, तोही आधी लहान जहाजांचा, मोठी नंतर. आणि हे सगळं एकाच बंदरापुरतं. मुंबईचा पायलट कांडल्यात गेला की पुन्हा उमेदवार.

वर ती शिडी. खालची लाँच उसळतेय, वरचं जहाज चालतंय, आणि मधल्या दोरीवर पन्नाशीचा गृहस्थ. जहाजाची कड पाण्यापासून नऊ मीटरहून उंच असेल तर दोरीच्या जोडीला तिरका जिना लावावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याहून कमी असेल तर? चढा दोरीनंच. पगाराची श्रेणी मात्र सरकारी, अधिक भत्ते.

हाच गृहस्थ परदेशी जहाजावर कॅप्टन म्हणून गेला तर पगार डॉलरमध्ये. शिवाय वर्षात 182 दिवसांहून कमी काळ भारतात राहिला तर अनिवासी. त्या पगारावर इथला आयकरही नाही. पायलट झाला की रुपये, आणि कर पूर्ण.

सांगा, कोण येणार? ज्याला मुलांची शाळा नि आईबापांचं दुखणं दिसतं तो येतो. त्याच्यावरही खासगी बंदरांचा डोळा असतोच. मग मोठी बंदरं कंत्राटी पायलटच्या जाहिराती देत बसतात. डहाणूजवळ वाढवणला 76 हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. क्रेन विकत मिळतात. पायलट कुठून आणणार?

राहिला चुकीचा हिशेब. 23 मार्च 2021 ला सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ आडवी झाली. 400 मीटर लांब, सहा दिवस जगाचा व्यापार तुंबलेला. जहाजावर त्या वेळी कालव्याचेच दोन पायलट होते. खलाशी 25, सगळे भारतीय. कालवा प्राधिकरणानं काय सांगितलं असेल? आमच्या पायलटांचा दोष नाही, जबाबदारी कॅप्टनची. भरपाईची पहिली मागणी 91.6 कोटी डॉलर. जहाज सोडलं 7 जुलैला.

मालकानंही सागरी रिवाजाप्रमाणे ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केलं. म्हणजे ज्यांचा माल आत होता, त्या सर्वांनी सुटकेच्या खर्चात आपापला वाटा उचलायचा. त्यांच्यातल्या कुणीही सुकाणूला हात लावलेला नव्हता.

चाकणच्या निर्यातदारांनो, विम्याची पॉलिसी आजच काढून वाचा. बारीक अक्षरातली आधी.