पदपथ दुरुस्त करावा कसा? नव्या ज्युनिअर इंजिनिअरसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! पदवी मिळाली, भरतीची परीक्षा सुटली, क्षेत्रीय कार्यालयात रुजू झालात आणि चहाही नीट गार व्हायच्या आत ‘पदपथ, कर्ब व रॅम्प दुरुस्ती’ ही फाइल टेबलावर येऊन पडली. घाबरू नका. पूल खचला तर चौकशी लागते. रॅम्प चुकला तर फक्त कुणाच्या तरी आजी फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालू लागतात, आणि आजींची चौकशी समिती बसत नाही. शिकाऊ माणसाच्या हाती द्यायला याहून निर्धोक काम महापालिकेत नाही. खालील पायऱ्या क्रमाने पाळा.

पायरी १ : नियम वाचा आणि योग्य जागी ठेवा

नियमांची टंचाई आहे, असे कुणी म्हटले तर त्याला हसा. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी १०३’ ही पुस्तिका पादचाऱ्यांसाठीच आहे. वस्तीच्या भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची, कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, रॅम्पचा उतार १:१२. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वेही केली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा त्याच वर्षीचा. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

ही सगळी नावे एस्टिमेटच्या पहिल्या पानावर ‘संदर्भ’ म्हणून लिहा. दुसऱ्या पानापासून गेल्या वर्षीचे एस्टिमेट जोडा.

पायरी २ : जागा आणि मुहूर्त

दुरुस्तीसाठी सर्वांत उत्तम फुटपाथ म्हणजे चांगला फुटपाथ. मोडक्या फुटपाथखाली काय निघेल याचा नेम नसतो : झाडाची मुळे, तुंबलेली पावसाळी वाहिनी, कुणाची ते कुणालाच ठाऊक नसलेली केबल. चांगल्या फुटपाथचे तसे नाही. लाल ब्लॉक काढायचे, करडे बसवायचे.

मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि न खर्चलेला निधी परत जातो, या भीतीने सगळी खाती एकदम कामाला लागतात. जून कोरडा गेला तर काम चांगले झाले असे समजावे.

पायरी ३ : कर्ब का ढासळतो ते समजून घ्या

इथे थोडे लक्ष द्या, कारण पुढची सगळी कामे यातूनच निघतात.

पेव्हर ब्लॉक एकमेकांना चिकटवलेले नसतात. खाली दाबून घट्ट केलेला थर, त्यावर वाळू, त्यावर ब्लॉक आणि सांध्यांत बारीक वाळू. ही सगळी मांडणी जागच्या जागी धरून ठेवतो तो कडेचा कर्ब. कर्ब सरकला की कडेची रांग सुटते, सांधे उघडतात, पावसाचे पाणी खालची वाळू घेऊन जाते आणि ब्लॉक डुगडुगू लागतो. नंतर एखाद्या पावसाळी सकाळी इस्त्रीच्या पँटवर खालून पिचकारी उडते, ती याच वाळूच्या रिकाम्या जागेतून.

कर्ब सरकू नये म्हणून त्याच्या पाठीला काँक्रीटचा आधार द्यायचा असतो. हा आधार ब्लॉकखाली झाकला जातो, फोटोत येत नाही आणि उद्घाटनाला दिसत नाही. काटकसर कुठून सुरू करायची, हे आता वेगळे सांगायला नको. ब्लॉकच्या जाडीचेही तसेच. नुसत्या चालणाऱ्यांसाठी पातळ ब्लॉक पुरतो. सोसायटीच्या फाटकासमोर, जिथून रोज गाड्या आत जातात, तिथे जाड लागतो. तुम्ही सगळीकडे एकच घ्या. हिशेब सोपा राहतो.

दुसरे कारण रस्ता खात्याकडून मिळते. जुना डांबराचा थर खरवडून न काढता त्यावर नवा चढवला की रस्ता उंच होतो आणि कर्ब बुडतो. १५० मिलिमीटरचा कर्ब ५० वर आला की दुचाक्या सहज वर चढतात आणि पावसाचे पाणीही. मग फुटपाथ उंच करायचे काम निघते. फुटपाथ उंच झाला की दुकानांचे उंबरे खाली जातात, आणि दुकानदार आपापल्या दारापुढे स्वखर्चाने सिमेंटचे उंचवटे घालतात. तेवढ्यात रस्त्यावर नवा थर येतो. दोन्ही खात्यांना वर्षानुवर्षे काम पुरवणारी अशी योजना कुणीही आखलेली नाही, हे विशेष.

पायरी ४ : रॅम्प

गणित चौथीचे आहे. १:१२ म्हणजे चढ एक, तर लांबी बारा. १५० मिलिमीटर कर्बला १.८ मीटर लांब रॅम्प. जुना फूटभर उंच फुटपाथ असेल तर बारा फूट. बारा फूट जागा कोपऱ्यावर नसते, म्हणून खरा उपाय फुटपाथच खाली आणण्याचा. तो करू नये. त्याऐवजी पुढीलपैकी एक प्रकार निवडा :

*घसरगुंडी* : उरलेला माल कोपऱ्यावर ओतून थापीने फिरवणे. लांबी हाताला येईल तेवढी.

*एकेरी* : एका टोकाला चढायला रॅम्प, दुसऱ्या टोकाला उतरायला पायरी. माणूस वर जातो आणि तिथेच राहतो.

*बंदोबस्ती* : उत्तम रॅम्प करून त्याच्या तोंडाशी दाट खांब रोवणे, म्हणजे दुचाक्या येणार नाहीत. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटिमीटर वाट लागते, स्कूटर त्याहून कमीत तिरकी होऊन निघते. त्यामुळे खांब बरोबर ज्याच्यासाठी रॅम्प केला त्यालाच अडवतात. मुंबईतल्या अशा खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने लिहिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. तेव्हा हा प्रकार जरा जपून.

पायरी ५ : पिवळ्या फरशा

या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे ‘चला’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. अंध व्यक्ती पायाने आणि काठीने त्या वाचते. आपल्याकडे त्या रंगसंगतीसाठी बसवतात. रेघांच्या फरशा सरळ न्या, मध्ये वीजपेटी, झाड किंवा चेंबर आले तर तिथपर्यंत न्या आणि पलीकडून पुन्हा सुरू करा. ठिपक्यांच्या उरल्या तर जिथे पोकळी दिसेल तिथे लावा.

पायरी ६ : एमबी भरणे

मेजरमेंट बुक हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. त्यात कर्ब रनिंग मीटरमध्ये, ब्लॉक चौरस मीटरमध्ये आणि रॅम्प नगात मोजतात. माणूस या टोकाकडून त्या टोकाला पोचला का, यासाठी रकाना नाही. ही त्रुटी नव्हे, हाच या पुस्तकाचा आत्मा. एका रस्त्यावर दहा कोपरे असतील आणि नऊ रॅम्प झाले, तर अहवालात ९० टक्के काम पूर्ण. व्हीलचेअरवरच्या माणसाला मात्र दहाव्या कोपऱ्यावरून मागे फिरावे लागते. त्याच्या लेखी काम शून्य. पण तो एमबी भरत नाही.

पायरी ७ : तक्रार निवारण

काम संपले की महिनाभरात पाण्याची लाइन, गॅस किंवा केबल यांपैकी कुणीतरी खोदाईला येईलच. ठेकेदाराच्या दोष दायित्वाच्या काळात ब्लॉक निखळले तर तो म्हणतो, खोदाईवाल्यांमुळे. खोदाईवाला म्हणतो, मुळातच सैल होते. दोघांचे म्हणणे लेखी घ्या. दोन्ही पत्रे खरी असू शकतात.

नागरिकांशी नेहमी आदराने बोला. नमुना :

“साहेब, हा दगड हलतोय. काल आमची ही पडता पडता वाचली.”

“आजोबा, याच दगडाचं टेंडर निघालंय.”

“गेल्या वर्षी पण निघालं होतं ना?”

“ते शेजारच्या दगडाचं.”

सावधान

काही उदाहरणे नवशिक्याच्या मनावर वाईट परिणाम करतात. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीने दहा वर्षांच्या हमीने बांधला, आणि खड्डे न पडणारा रस्ता म्हणून पुणेकर अजून त्याचे नाव काढतात. पुढे त्याच रस्त्यावर ऐसपैस फुटपाथही झाले. तिथल्याच लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, वाहनांसाठी बंद करतात आणि लोक मधोमध चालतात. अशा ठिकाणी फार रेंगाळू नका, हे जमते असे वाटू लागते.

करू नये अशी एकच चाचणी

बिलावर सही करण्याआधी एक व्हीलचेअर मिळवून, तिच्यात बसून, कुणाच्याही मदतीविना फुटपाथच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ नका. दहावा कोपरा त्यात हमखास सापडतो आणि मग सही होत नाही. या चाचणीला निधी लागत नाही, म्हणून तिचा प्रस्ताव कधी कुणी मांडत नाही. पण निधी नसल्याने मंजुरीही लागत नाही, हे लक्षात आले तर मात्र आमचा इलाज नाही. त्यातूनही करायचीच असेल, तर सहीआधी करा. सही झाली की तो कोपरा पुढच्या वर्षीच्या टेंडरात जातो.