सहल मोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

लग्न मोडण्याच्या विषयावर मराठीत नाटकं आहेत, मालिका आहेत, त्यासाठी स्वतंत्र न्यायालयही आहे. सहल मोडण्याच्या विषयावर मात्र कोणी पद्धतशीर लिहिलेलं दिसत नाही. वास्तविक आपल्याकडे लग्नांपेक्षा सहलीच जास्त मोडतात. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन.

अभ्यासासाठी एक उदाहरण घेऊ. जोडून आलेली सुट्टी. अलिबागजवळ नागावला बंगला, तीन खोल्या, मागे पाच माणसं उतरली की भरणारा स्विमिंग पूल. चार कुटुंबांची १२ माणसं, दोन रात्रींचं भाडं २४ हजार, त्यातले १२ हजार अ‍ॅडव्हान्स म्हणून गेलेले. मग मावशींचा गुडघा सुजला, एका मुलाची परीक्षा पुढे ढकलली गेली, आणि मेव्हण्यांना रजा मिळणार नसल्याचं उघड झालं, जे त्यांना बुकिंगच्या दिवशीही ठाऊक होतं. सहल मोडली.

अशा वेळी ग्रुपवर दोन पक्ष पडतात. "जाऊ दे रे, १२ हजारांसाठी कुठे वाद घालत बसायचं" हे पहिल्या पक्षाचं मत. या पक्षातल्या कोणीही अजून आपला वाटा दिलेला नसतो. दुसऱ्या पक्षात एकच माणूस असतो, ज्याच्या फोनवरून पैसे गेले तो. हे मार्गदर्शन त्या एकट्या माणसासाठी आहे. पहिल्या पक्षाला जी स्थितप्रज्ञता लाभलेली आहे, तिला कायद्याच्या आधाराची गरज नाही.

तर पहिली पायरी. आपण पैसे नक्की कोणाला दिले ते शोधून काढावे. हे वाटतं तितकं सोपं नाही. फाटकावरच्या पाटीवर एक नाव, इन्स्टाग्रामवर दुसरं, यूपीआयवर पैसे पाठवताना दिसलेलं तिसरंच, आणि फोन उचलणारा चौथा, जो "मी फक्त केअरटेकर" असं सांगून कायम पेणला गेलेला असतो. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर रद्द करण्याचे नियम लिहिलेले तरी असतात. मालकाशी थेट व्यवहार असेल तर ते त्याच्या स्मरणात असतात, आणि स्मरणशक्ती सीझनप्रमाणे बदलते. म्हणून पैसे पाठवतानाच "रद्द केलं तर किती परत?" हा एक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून उत्तर लेखी घ्यावे. विचारताना लाज वाटेल. पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन, स्पीकर यांची यादी करताना वाटली नव्हती, तेव्हा इथेही निभावून न्यावे. पावतीही मागावी. सेवा घेतल्यावर पावती न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे मालकाला सांगू नये. नुसतं मनात म्हणावे, आवाजात आपोआप वजन येतं.

दुसरी पायरी घड्याळाची. अ‍ॅपवरच्या मुदती चेक-इनच्या वेळेपासून उलट्या मोजायच्या असतात. एअरबीएनबीवर 'फ्लेक्सिबल' धोरण असेल तर चेक-इनच्या २४ तास आधीपर्यंत पूर्ण रक्कम परत मिळते, 'मॉडरेट' असेल तर पाच दिवस आधीपर्यंत. याचा अर्थ शुक्रवारी दुपारी दोनचं चेक-इन असेल तर गुरुवारी दुपारी दोननंतर आपण कितीही कळवळून लिहिलं तरी ते साहित्यात जमा होतं. सहल मोडणार हे घरात सगळ्यांना सोमवारीच कळलेलं असतं. पण आधी कोणी बोलायचं यावर गुरुवार संध्याकाळ उजाडते. तेव्हा मोडायचं ते वेळेत मोडावे.

आता तिसरी पायरी. बाकीच्या पायऱ्या विसरल्या तरी चालतील, ही विसरू नये. बुकिंग *कोणी* मोडलं, यावर सगळं अवलंबून असतं. समजा आपण काहीच मोडलेलं नाही, आणि मालकाचाच फोन आला. "साहेब, जरा अडचण झालीये, पाण्याची मोटर जळलीये. तुम्ही तुमच्या साइडने कॅन्सल करून टाका ना, पैसे लगेच सोडतो." जोडून सुट्टी आली आणि दुप्पट भाडं देणारी पार्टी मिळाली की कोकण किनाऱ्यावर मोटरी भराभर जळतात. इथे भिडस्त मराठी माणूस "हो हो, काही हरकत नाही" म्हणतो आणि बटण दाबतो. त्या क्षणी मोटर विसरली जाते, आणि बुकिंग मोडणारे आपण ठरतो. अ‍ॅपवर यजमानाने रद्द केलं तर पाहुण्याला पूर्ण पैसे परत मिळतात आणि यजमानाला भुर्दंड बसू शकतो. पाहुण्याने रद्द केलं तर पाहुण्याचे नियम लागू होतात. सगळं नाटक त्यासाठीच असतं. उत्तर एकच, तेही लेखी: "अडचण तुमच्याकडे आहे, रद्द तुम्ही करा."

या जागी एक सरकारी नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात, की ऑनलाइन कंपनी स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर जो खर्च सोसत नाही, तसा रद्द-आकार तिने ग्राहकाकडूनही घेऊ नये. त्याच नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याचं त्याने ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात ती मिटवायची. या अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, भिंगाने वाचावं अशा अक्षरांत असतं. पण असतं.

कारण सांगण्याविषयी थोडं. आपल्याकडे बुकिंग रद्द करताना नातेवाइकांना आजारी पाडण्याची, प्रसंगी पोचवण्याची प्रथा आहे. ती अनावश्यक आहे. करारात मावशींच्या गुडघ्याची तरतूद नसते आणि मेलेल्या काकांचीही नसते. शिवाय एकदा पोचवलेले काका पुढच्या वर्षी त्याच बंगल्यावर जेवायला बसलेले दिसतात, तेव्हा केअरटेकर घाबरतो. "काही कारणाने येता येत नाही" एवढं पुरे.

आता मालकाचं ब्रह्मास्त्र. "वाचलं नाही का? नॉन-रिफंडेबल आहे." हे ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू नये. भारतीय करार कायदा १८७२चा आहे, म्हणजे मुंबईत वाफेच्या गाड्या सुरू होऊन जेमतेम १९ वर्षं झाली होती तेव्हाचा. पण त्याचं ७४वं कलम अजून शाबूत आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळायची ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. लिहिलं म्हणून ती सगळीच्या सगळी आपोआप खिशात जात नाही. थोडक्यात, प्रश्न असा, की तुम्ही न आल्याने मालकाचं खरोखर किती बुडालं?

याचं संशोधन घरबसल्या करता येतं. ज्या रात्री आपण नागावला असणार होतो, त्या रात्री बंगल्याचं इन्स्टाग्राम उघडावे. आपल्याच पूलमध्ये दुसरी १२ माणसं ओरडत असतील, आणि वर "फुल्ल हाउस!" असं लिहिलेलं असेल, तर स्क्रीनशॉट काढून ठेवावा. खोली पुन्हा गेली आणि आपला अ‍ॅडव्हान्सही राहिला, हे नुकसान नसून बोनस आहे. नुकसानीच्या मानाने सर्वस्वी अवाजवी दंड लादणारा करार २०१९च्या कायद्यात अन्याय्य करार मानला आहे. एक बारकावा असा, की करारच अन्याय्य ठरवून घ्यायचा असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. १२ हजारांसाठी तिथवर कोणी जात नाही. पण फोनवर नुसतं "राज्य आयोग" म्हटलं तरी पेणला गेलेला केअरटेकर परत येतो.

तरी एक गोष्ट दुसऱ्या बाजूचीही मान्य करायला हवी. ३१ डिसेंबरच्या आदल्या रात्री दहा वाजता "नाही जमत" असं कळवणाऱ्या माणसाला १२ हजार परत हवे असतील, तर तो ग्राहक नसून संत आहे, आणि संतांनी पैशाचा मोह धरू नये. त्या बंगलेवाल्याने चार पार्ट्या परत पाठवलेल्या असतात, सुरमई आणून ठेवलेली असते, स्वयंपाकाला आलेल्या बाईंना दिवस भरून द्यायचा असतो. त्याचं नुकसान खरं आहे. नियम दोघांना सारखा, फक्त नेमका आकडा काढायचा.

पावसाचं काय? करार कायद्याच्या ५६व्या कलमाप्रमाणे एखादं काम अशक्य झालं तर करार संपतो, आणि ६५व्या कलमाप्रमाणे मिळालेला लाभ परत करावा लागतो. अशक्य मात्र खरोखर अशक्य हवं. जुलैत लोणावळ्याला पाऊस पडला म्हणून पैसे परत मागता येत नाहीत. त्यासाठीच तर गेला होतात. मावळ-मुळशीत जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, पण धबधब्यावर बंदी म्हणजे बंगल्यावर बंदी नव्हे. रस्ताच बंद झाला, तिथे पोचणंच नाकारलं गेलं, तर गोष्ट वेगळी. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची घरंच उघडी पाडली. तिथे रद्द-धोरण वाचत बसण्याची वेळच नव्हती.

कधी मालक गोड बोलतो: "पैसे कशाला मागता, पुढच्या वेळी या, अ‍ॅडजस्ट करू." ही पुढची वेळ शनिवार-रविवारी येत नाही, मे महिन्यात येत नाही, दिवाळीत येत नाही, आणि ऑगस्टमधल्या एखाद्या बुधवारी तेवढी मोकळी असते. स्वीकारायचंच असेल तर तारीख, रक्कम आणि मुदत लिहून घ्यावी.

अ‍ॅपवर मात्र वेगळी लढाई असते. रद्द करण्याचं बटण शोधताना पाच पडदे ओलांडावे लागतात, आणि प्रत्येक पडद्यावर आपल्या जाण्याने कोणीतरी हळहळत असतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा १३ चलाख युक्त्यांना नावं देऊन मनाई केली. त्यातलं एक उदाहरण वाचनीय आहे: विमा नको असेल तर "मी असुरक्षित राहीन" असं लिहिलेलं बटण दाबायला लावणं. आपल्याकडे हे काम पूर्वी आत्या फुकटात करत असत.

एवढं करूनही पैसे येत नसतील तर तक्रार. इथे मराठी माणसाची एक गंमत दिसते. पुण्यात १९७४मध्ये आणि मुंबईत १९७५मध्ये ग्राहक पंचायती उभ्या राहिल्या, देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दहा वर्षांहून अधिक आधी. अशा परंपरेचा वारस स्वतःचे १२ हजार मागताना लिहितो, "नमस्कार दादा, बरेत ना? सॉरी, त्रास देतोय, जमल्यास बघा." असं लिहू नये. बुकिंगची तारीख, दिलेली रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, रद्द केल्याची तारीख, मागणी आणि मुदत, एवढ्यात पत्र संपवावे. दादांच्या तब्येतीची चौकशी पैसे आल्यावर करावी. "रद्द-आकारावर जीएसटी कापला" असं म्हणाले तर जीएसटी क्रमांकाचं बिल मागावे. २०२२च्या परिपत्रकानुसार रद्द-आकारावर कर लागतो हे खरं, पण नोंदणीच नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही, हेही तितकंच खरं.

मग १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे तक्रार पोचवून मध्यस्थी करतात. बऱ्याचदा तेवढं पुरतं. पुरलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रार अलिबागला जाऊन करायची गरज नाही. आपण राहतो तिथे करता येते. २०२५पासून 'ई-जागृती' पोर्टलवर घरूनच दाखल होते. साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत लागावा, असं कायद्यात आहे. कायद्याने कोणतं कॅलेंडर लावलंय हे लिहिलेलं नाही.

या दरम्यान एक पथ्य कडक पाळावे. रिफंडसाठी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नये. मिळणारा माणूस फार प्रेमाने बोलतो आणि शेवटी यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. टाकलाच, तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावावी, तासांचा प्रश्न असतो.

समजा, सगळं यथासांग झालं आणि ९ हजार खात्यात परत आले. आता शेवटची पायरी, वाटपाची. ही बातमी ग्रुपवर टाकल्यापासून अर्ध्या तासात साडूंचा मेसेज येतो, "अरे वा! माझे किती आले?" साडूंनी एक रुपया दिलेला नसतो, "नंतर हिशेब करू" एवढंच म्हटलेलं असतं. त्यांना कायदा दाखवायला जाऊ नये. ग्राहक संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे मोबदला दिलेला माणूस ग्राहक असतोच, पण मोबदला देण्याचं नुसतं कबूल केलेलाही असतो. साडूंनी ते कलम वाचलेलं आहे.